एक्केचाळीस फुल्या

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार आणि खुशाली शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी कामाचं. तू भोपळ्याचा वेल मागच्या अंगणात नेमका कुठे लावायचीस, भिंतीकडे की लिंबाच्या बुंध्याशी, एवढं कळव. बाकी मला काही विचारायचं नाही. तीन वर्षांत मी लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस, तेव्हा फिटंफाट.

भोपळ्याचं काय सुचलं, असं तुला वाटेल. सांगते. गेल्या रविवारी दार वाजलं. बघते तर बशीएवढ्या चष्म्याची एक पोरगी आणि तिच्या मागे एक म्हातारा, गळ्यात शिट्टी. म्हटलं, वर्गणीवाले. तर नाही. ही माणसं ज्याला ज्याला अंगण आहे त्याच्या दारी जातात आणि तिथे कुठली जनावरं येतात, कुठले किडे येतात, ते लिहून घेतात. पगार नाही, काही नाही.

"फुकट?" मी विचारलं.

"हौसेनं, मावशी," पोरगी म्हणाली.

"हौस पोट भरल्यावर सुचते."

तेव्हा म्हातारा बोलला, "बाई, पस्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो, उभ्याने दिवस गेले. आता घरी बसलो तर सून म्हणते, तुम्ही उभेच बरे होतात. म्हणून निघालो." मला हसू आलं. मग घेतलं आत. पाणी दिलं.

पोरीने वही उघडून विचारलं, "तुमच्या अंगणात काय काय येतं?" मी म्हटलं, माणूस सोडून सगळं. तर त्या बयेने ते जसंच्या तसं लिहून घेतलं! मी म्हटलं, खोड ते. तिने खोडलं, पण हसली नाही. मला तेच आवडलं नाही.

आता माझ्याकडे एक तक्ता आहे. रोज एकाच जागी दहा मिनिटं बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. मधमाशी, फुलपाखरू, खार, चिचुंद्री, मुंगूस. आणि काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं. मी म्हटलं, काहीच नाही तर लिहायचं कशाला, चौकोन रिकामा ठेवला तर काय बिघडतं? पोरगी म्हणाली, "रिकामा ठेवला तर तुम्ही बघितलंच नाही असा अर्थ होतो. शून्य म्हणजे तुम्ही बसलात, वाट बघितलीत, आणि ते आलं नाही." एवढा कीस कशाला पाडायचा ते मला कळलं नाही, पण लिहिते. चौथीपर्यंतचं शिक्षण आहे, शून्य येतं काढता. तूच शिकवलंस, चुलीपुढे राखेत बोट धरून.

पोरगी म्हणाली, आधी इथे काय लावलं होतं ते कळलं तर बरं. म्हणून हे पत्र.

मी अजून हॉस्पिटलच्या धुलाईतच आहे. बावीस वर्षं झाली. चादरी तेवढ्याच, बायका कमी केल्या, मशीन एक वाढवलं, ते निम्मे दिवस बंद. गुडघा दुखतो. जेवते.

तुझा लेक हे पत्र आधी उघडणार, मला माहीत आहे. उघडू दे. त्याने तुला नेलं ते त्याच्या मनाने नेलं. मी मध्ये नव्हते.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, भोपळ्याने स्वतःच सांगितलं. लिंबाच्या बुंध्याशी आपोआप उगवलाय, तुझ्याच जुन्या बियांचा असणार. तीन फळं धरलीत. मी पाणीसुद्धा घातलं नव्हतं. तुझ्यासारखाच आहे, विचारत नाही कोणाला.

तक्ता भरतेय. बघायला बसल्यावर पहिले तीन दिवस शून्य, शून्य, शून्य. चौथ्या दिवशी कळलं की मी बघतच नव्हते, कामाचा विचार करत होते. आता बघते. मुंग्या तीन प्रकारच्या आहेत. मी जन्मभर एकच समजून चिरडत आले. खार एक, शेपटी तुटकी. मुंगूस भिंतीवरून जातं, सकाळी सातला, सरकारी नोकर असल्यासारखं.

अजून एक. तुझ्या खोलीच्या कुलपात मातीचा गोळा दिसला. मी काडी घेऊन टोकरणार तोच पोरगी ओरडली, "मावशी, थांबा!" म्हणाली, कुंभारीण माशी आहे. मातीचं मडकं करते, त्यात अळ्या भरते, अंडं घालते आणि तोंड बंद करते. म्हणाली, अशी जागा शोधते की जिथे कोणी हात लावत नाही.

"ही खोली किती दिवस बंद आहे?" तिने विचारलं.

म्हटलं, थोडे.

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं आणि शिट्टी उगाच फडक्याने पुसली. तो माणूस बोलतो फार, पण कधी बोलू नये तेही त्याला कळतं. तुझ्या धाकटीला ते कधी जमलं नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

तुझी खोली मी कशाला वापरली नाही. सामान आहे तसं आहे. लोकांनी विचारलं भाड्याने देतेस का, त्यांना वाटेला लावलं.

परवा सकाळी एक भोपळा कोरलेला दिसला. साल सोलून बाजूला, गर खाल्लेला, दातांच्या रेघा दोन-दोनच्या, पटाशीने खणल्यासारख्या. आणि रताळ्याच्या वाफ्यात खड्डा. ती जागा बघून मला काहीतरी आठवलं. ते इथे लिहीत नाही. तुलाही आठवेल.

मुंगूस तसं खात नाही. उंदराचा घास एवढा मोठा नसतो. डाग बघून काय सांडलं, कधी सांडलं आणि आधी कोणी पुसायचा प्रयत्न केला का, हे सांगणं माझं कामच आहे. हे कोणीतरी अंगाने मोठं आणि घाई नसलेलं होतं.

गुडघ्याला तेल लावते.

धाकटी


१७ मार्च

ताई,

आज लांब लिहिणार आहे, चहा करून बस.

भोपळा दाखवल्यावर पोरीने दातांच्या रेघा वहीत काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी दोघं बारीक वाळूच्या दोन गोण्या घेऊन आले. भिंतीखाली जिथे ओढ्याच्या बाजूला दगड निसटलाय, तिथे त्यांनी दोन हात लांबीचा वाळूचा पट्टा केला आणि फळीने सपाट केला. म्हणाले, येईल ते यावरून येईल. सकाळी हात न लावता फक्त बघायचं, आणि आम्हाला कळवायचं.

सकाळी उठले, केरसुणी घेतली, अंगण झाडलं आणि पट्टाही झाडला. बावीस वर्षं सकाळी उठून जी बाई डाग घालवते तिला पावलाचा डाग राखायला सांगायचं म्हणजे काय. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं. उरलेल्या अर्ध्यावर काही नव्हतं. झाडलेल्यावर काय होतं ते देवाला ठाऊक.

कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट फाडायच्या आधीच प्रवासी उतरवलेत." मी म्हटलं, तुमचा प्रवासी काय घरी जेवायला येणार नाही का, परत येईल. तो म्हणाला, "येतो का ते बघू. एकदा उतरवलेला माणूस सहसा परत त्या गाडीत चढत नाही."

लागलं मला. पण त्याला काय माहीत.

नऊ दिवस शून्य. केरसुणी मी न्हाणीत नेऊन ठेवली, नजरेआड. दहाव्या दिवशी पट्ट्यावर पावलं. ताई, मी घाबरले. लहान मुलाचं पाऊल असावं तसं, टाच, तळवा, पुढे बोटं. जेमतेम रांगणं सोडलेल्या मुलाचं. आणि पावलांच्या मागे बारीक रेघा, कोणीतरी खराटा ओढत नेल्यासारख्या.

मी कामावर गेले नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पट्ट्यावर घमेलं उपडं घातलं आणि पोरीला फोन करायला वाण्याकडे गेले.

ती आली, गुडघ्यावर बसली, मापं घेतली आणि हळूच म्हणाली, "साळिंदर." एवढ्या हळू, जसं काही ते अजून तिथेच उभं आहे. म्हणाली, गेल्या कित्येक वर्षांत वस्तीच्या या बाजूला कोणी नोंदवलेलं नाही, सगळे म्हणतात संपलं. ओढ्याच्या दरडीत बीळ असणार. कंद उकरतं, भोपळा तर जीव की प्राण. कोणी बघितलं नसलं तरी कोणीतरी ऐकलं असेल, ती म्हणाली. शेपटीचे काटे पोकळ असतात, चालताना एकमेकांवर आपटतात.

"कसा आवाज येतो?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं, ताई. पण विचारलं.

ती म्हणाली, "किल्ल्यांचा जुडगा हलवल्यासारखा."

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला आणि दोघांना म्हटलं, आता घरी जा, मला काम आहे. पोरगी गोंधळली. कंडक्टरने तिला दंडाला धरून नेलं.

मग मी पहाटे साडेचारला उठायला लागले, तू उठायचीस तशी. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले होते आणि आला आवाज. खुळ्, खुळ्, थांबला. परत खुळ्. आई कोठीचं दार उघडायच्या आधी कमरेचा जुडगा चाचपायची, अगदी तोच. अंगावर काटा आला. मला साळिंदर माहीत होतं, त्याचं पाऊल मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी तोंडात 'आई' आलं.

तू बरोबर होतीस. लिहिलं. परत लिहायला लावू नकोस.

आणि रताळी मी उकरली नव्हती. हे मी तेव्हाही सांगत होते.

धाकटी


४ एप्रिल

ताई,

पत्र पोचलं की नाही तेही कळत नाही. पोस्टमनला विचारलं तर म्हणतो, "मावशी, पाठवलेलं पोचतंच, उत्तर माझ्या हातात नाही." सगळेच शहाणे झालेत.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ते इथे खरं करते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

मंगळवारी पोरगी विचारायला आली, याआधी या अंगणात कोणी हा आवाज ऐकला होता का, कोणी कुठे लिहून ठेवलं होतं का. नोंद जितकी जुनी तितकी कामाची, तेवढ्या जोरावर ओढ्याची दरड बुजवायचं चाललंय ते थांबवा म्हणून अर्ज करता येईल. मी म्हटलं, नाही. ती पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली. मग मी हाक मारली.

फडताळातले सगळे डबे खाली काढले. खाली कागद अंथरलेला होता, पालथा. तू गेलीस त्या वर्षीचं तुझं कॅलेंडर. मी ते फाडलं नव्हतं, टाकलंही नव्हतं. डब्यांखाली घातलं, म्हणजे दिसू नये आणि असावंही. तीन महिन्यांची पानं, त्यावर तुझ्या लाल पेन्सिलीच्या फुल्या. जिथे पाऊस होता तिथे बाजूला थेंब काढलेला. एका ठिकाणी लिहिलंयस, 'आज दोनदा.' पोरीने मोजल्या. एक्केचाळीस.

तिचा चष्मा वाफाळला. म्हणाली, "मावशी, हे कोणी केलं? एवढं नीट तर आमच्यातही कोणी करत नाही." मी म्हटलं, माझ्या मोठ्या बहिणीने. "मग त्यांनी हे कोणाला दाखवलं का नाही?"

तिने नाही दाखवलं. मी दाखवलं.

तुझ्या लेकाला मी बोलावलं, ताई. तो आपणहून आला नव्हता. मी वाण्याकडून फोन केला की आईला घेऊन जा, तिचं डोकं फिरलंय, मेलेल्या आजीच्या किल्ल्या ऐकते आणि कॅलेंडरवर लिहून ठेवते. तो आला तेव्हा त्याच्यापुढे ही पानं टाकली, बघ म्हटलं.

त्याला पटलं नाही. तो म्हणाला, "मावशी, म्हाताऱ्या माणसाला होतात भास, त्यात काय एवढं." चांगलं पोर आहे, आजवर त्याला नावं ठेवली ती मी परत घेते. तो दुसऱ्या दिवशी एकटाच परत जाणार होता.

त्या संध्याकाळी तू मोरीत होतीस. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले, आईचा जुडगा माझ्याकडेच असतो, तो हलवला. तीनदा. तू ओल्या पायांनी, चप्पल न घालता अंगणात धावलीस आणि लिंबाखाली उभी राहून हाका मारल्यास. "आई, थांब, आले." पदर जमिनीवर लोळत होता. तुझ्या लेकाने ते बघितलं. सकाळी त्याने तुझी बॅग भरली.

असं का केलं, ते मी तीन वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगितलं. खरं एवढंच. तू चारचौघांत, नळावर, सगळ्या बायकांपुढे म्हणाली होतीस की माझी बहीण रात्री माझे वाफे उकरते. मला तुझं तोंड बंद करायचं होतं. एक दिवस. तू कायमची जावीस असं मनात नव्हतं, पण मनात नव्हतं म्हणून हात थांबला, असंही झालं नाही.

हे मी पोरीला आणि कंडक्टरला सगळं सांगितलं. पोरगी रडायला लागली, तिचं वयच आहे. कंडक्टरने शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. मग म्हणाला, "बाई, हे आम्हाला सांगून काय उपयोग? ज्याची जागा आहे त्याला सांगा."

म्हणून सांगितलं. तुझ्या लेकासाठी वेगळी चिठ्ठी याच पाकिटात आहे, त्यात हेच सगळं लिहिलंय. त्याला वाचू दे. तुला झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या माझ्यामुळे आहेत, डॉक्टरला तेही सांग म्हणावं.

पोरीच्या कागदावर 'प्रथम नोंद करणारी व्यक्ती' असा रकाना आहे. तिथे तुझं पूर्ण नाव घातलंय, वडिलांच्या नावासकट. मी उभी राहून लिहून घेतलं. काना राहिला होता, तो घालायला लावला. खाली 'मदतनीस' म्हणून माझं नाव घालू का, तिने विचारलं. नको म्हटलं.

तुला राग येईल. येऊ दे. पण रिकामं ठेवू नकोस.

धाकटी


२ मे

ताई,

तुझं पाकीट काल आलं.

अक्षर तुझंच. मी ते लगेच उघडलं नाही, आधी भांडी घासली. मग हात पुसले, परत पुसले. आत पत्र नव्हतं. कॅलेंडरचं एक पान, एप्रिलचं. मी उलटं केलं, सुलटं केलं, पाकीट झटकलं. दुसरं काही नाही.

मग बघितलं. प्रत्येक चौकोनात लाल पेन्सिलीने एक शून्य. एक तारखेपासून सत्तावीसपर्यंत, एकही चौकोन रिकामा नाही. सत्तावीसला तू पान फाडून पाठवलंस, म्हणजे तीन दिवसांचाही धीर धरला नाहीस. बहीण कोणाची आहेस.

तुझ्या लेकाचं घर सातव्या मजल्यावर आहे ना. तिथे खिडकीशी काय येणार. कबूतर तरी यायला पाहिजे. पण तू बसलीस. रोज. तू माझं पहिलं पत्र वाचलंस, मधली वाचलीस, चौथं वाचलंस, आणि चौथं वाचल्यावरही पुढचा चौकोन भरलास. मी शून्यं मोजली आणि मग नुसतीच बसले. दहा मिनिटांच्या वर झाली असतील.

मी येतेय. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, संध्याकाळी पोचेन. धुलाईत सांगितलं, चार दिवस येणार नाही. मुकादम म्हणाला, एवढ्या चादरी कोण धुणार? म्हटलं, मशीनला सांग, मी माणूस आहे.

तू माझ्याबरोबर घरी येशील असं मी धरून चाललेली नाही. तू तोंडावर दार लावलंस तर तो तुझा हक्क आहे. तुझ्या लेकाने लावलं तर त्याचाही आहे. मी जिन्यात बसेन. आता मला बसता येतं, आधी येत नव्हतं. त्याच्या तोंडावर सगळं सांगेन, चिठ्ठीत लिहिलंय तसंच, एक शब्द कमी नाही. मग तो काय म्हणेल ते म्हणेल.

इकडचं सांगते, म्हणजे तिथे बोलण्यात वेळ जायला नको. कुंभारणीची पिल्लं गेल्या आठवड्यात बाहेर पडली, मातीला बारीक गोल भोकं पडली. पोरगी म्हणाली, आता काढलं तरी चालेल. मी कुलूप उघडलं. जरा जड गेलं, तेल घातलं. खिडकी उघडी ठेवली, गादीला दोन दिवस ऊन दिलं. तुझ्या उशीखाली दीड लाल पेन्सिल सापडली. ती तिथेच ठेवलीय.

वाळूचा पट्टा चार दिवस कंडक्टर बघणार आहे. त्याला बजावलंय, केरसुणीला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "बाई, ते मला सांगता?"

परवा पहाटे ते परत आलं होतं. आता एकटं नाही, मागे एक लहान होतं, त्याचं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं. ते मी तक्त्यात लिहिलेलं नाही. ते तू लिही.

आईचा जुडगा बरोबर आणत नाही. तो आवाज मी परत करणार नाही.

बॅग मोठी घेऊ नकोस, गाडीत चढताना माझा गुडघा उचलत नाही. चप्पल घालून तयार राहा.

धाकटी